भीमाबाईंचं हव

ज्या उन्हाळ्यात रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या यच्चयावत माणसांची तोंडं झाकली गेली, त्या उन्हाळ्यात आमच्या घरमालकीणबाईंशी सगळं जग गोड बोलू लागलं.

घरमालकीणबाई म्हणजे भीमाबाई गजभिये. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. नाशिकहून बदली होऊन आलेली, नवा रायपुरातल्या एका ऑफिसात नोकरी, स्वभाव तापट, त्यात चष्मा. मास्क लावला की श्वासानं काचा धूसर होत. घराजवळच्या तलावाकाठची झाडं, रस्त्यावरची माणसं, ऑफिसात समोर बसलेला साहेब, सगळं वाफेतून दिसायचं आणि मी दिवसभर चिडचिड करायचे. खाली भीमाबाई मात्र ओट्यावर बसून खुशीत असायच्या.

त्यांना ऐकू येत नव्हतं. अजिबातच नाही. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या रायपूरला आल्या. नवरा तुळशीराम रेल्वेत गँगमन, रुळांच्या दुरुस्तीला. लेक भावना मांडीवर असताना त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या. त्यासाठी तुळशीरामांनी आपली मिशी काढून टाकली होती. गँगमधले लोक त्यांची टर उडवत, बायकोनं मिशी उतरवली म्हणून. तुळशीराम म्हणायचे, मिशीशी काय बोलायचं आहे मला, बायकोशी बोलायचं आहे. मरेपर्यंत त्यांनी रोज सकाळी दाढी केली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हे सगळं मला भीमाबाईंनीच सांगितलं होतं, सांगताना लाजल्या होत्या.

ओठ वाचायला त्या भारी पटाईत, पण काही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. पीठ आणि मीठ, पाय आणि माय. कोणी 'पाय दुखून राहिले' म्हटलं, तर भीमाबाई त्याच्या आईची चौकशी करायच्या. घरात यावरून हसाहशी चालायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसायच्या.

मग मास्क आले आणि त्यांच्यापुरता सगळा गाव मुका झाला. मला वाटलं, आता ह्या बाई खचणार. पण त्यांनी भलताच मार्ग काढला. लोकांचे शब्द दिसत नाहीत ना, मग त्या स्वतःच त्यांच्या तोंडी शब्द घालू लागल्या. दुपारी मी घरूनच काम करत असले की जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उभ्या राहून मला बातम्या सांगायच्या. दूधवाला म्हणाला, मावशी, यंदा तुम्ही तरुण दिसून राहिल्या. भाजीवालीनं सांगितलं, तिच्या घराच्या छपरावर मोर येऊन बसते रोज. तलावापाशी उभा असलेला पोलीस म्हणाला, माय, तुले पाहिलं का मले माह्या मायची याद येते.

"मावशी, तो पोलीस शिव्या देत होता!" मी मास्क खाली ओढून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "विनाकारण बाहेर का फिरता म्हणून ओरडत होता तुमच्यावर. मी गॅलरीतून ऐकलं."

"तुमाले आयकू येते ना, उल्काताई," त्या समजूत घालत म्हणाल्या, "म्हणून तसं वाटते."

कपाळ माझं! पण खोटं कशाला सांगू, मलाही हळूहळू त्याची चटक लागली. गल्लीत चिटपाखरू नसायचं. ऊन पांढरं पडलेलं, तलावावरून गरम वारा यायचा आणि लांबून रुग्णवाहिकेचा आवाज. अशा वेळी खालून कोणीतरी सांगतंय की भाजीवालीच्या छपरावर मोर येतो. मला तो मोर दिसायचा. कामाचा ईमेल अर्धवट टाकून मी त्या मोराचा विचार करत बसायचे.

भावना एका दवाखान्यात नर्स होती, कोविडच्या वॉर्डात. भीमाबाईंना साखर, बीपी दोन्ही, म्हणून तिनं घरात येणं बंद केलं होतं. अंगणापलीकडं सामानाची एक खोली होती, ती रिकामी करून ती तिथं राहायची. ड्यूटीवरून आली की आंघोळ करायची, स्वच्छ मास्क लावायची आणि खोलीच्या पायरीवर बसायची. इकडं ओट्यावर भीमाबाई. मधे अख्खं अंगण. मी म्हणायचे, एवढ्या लांबून कशाला मास्क, घटकाभर काढ, आईला तुझं तोंड तरी दिसू दे. ती ऐकायची नाही. "नहीं दीदी, रिस्क नहीं लेना है," म्हणायची. मराठी तिला येत होती, पण रायपुरात वाढलेल्या पोरींसारखी उत्तरं हिंदीत. मोबाइलवरही आईला हिंदीतच लिहायची, 'दवा ली?', 'खाना खाया?', आणि खाली एक फूल.

तर ही दोघींची संध्याकाळ. वरच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

"आई, सकाळी ज्याले पाणी पाजलं ना, तो दुपारी नव्हता," भावना म्हणायची.

"हव, मुनग्याच्या शेंगा टाकल्या आज वरणात," भीमाबाई म्हणायच्या. मुनगा म्हणजे शेवगा, हव म्हणजे हो. हव हा छत्तीसगढी शब्द, पण त्यांच्या तोंडात असा बसलेला की माहेरहून आणल्यासारखा वाटायचा.

"एक बाई माहा हात सोडतच नव्हती. मी सोडवून घेतला, आई. दुसरीकडून आवाज देऊन राहिले होते."

"हव, आंबट झालं थोडं. पण तुह्या डब्यात देतो मी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हसू कुठं गेलं कळलं नाही. अंगणात अंधार उतरत असायचा, कडुनिंबाचा फुलोरा टपटप पडायचा आणि दोन आवाज एकमेकांना न शिवता शेजारून जायचे. झोपेत माणसं बोलतात तसं काहीसं. मला उगाच वाटायचं की मी आत्ता खाकरले तर दोघीही जाग्या होतील. मी पाण्याचा मग हळूच खाली ठेवायचे.

मला कळत होतं ते एवढंच: आईला कळत नाही म्हणून ही पोरगी बोलते आहे. आईला ओठ दिसले असते, तर तिनं एक अक्षर काढलं नसतं. मास्क ती आईला जपायला लावत होती, ते खरंच. पण त्याच्या आड तिला आईपाशी रडता येत होतं, हेही खरं. आणि आई बिचारी वरणात गुंतलेली! माझा जीव तुटायचा, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा, दोघींचा.

मग एका संध्याकाळी भावना नेहमीपेक्षा हळू बोलली. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसली होती.

"आई, नाही जमत मले आता. मले भेव लागून राहिलं. रोज लागते. मी सोडून देतो नोकरी. उद्यापासून नाही जात." जरा थांबली. "तू म्हण ना. तू एकदा 'सोड' म्हटलं, का मी सोडली."

मी गॅलरीत तशीच उभी. भीमाबाईंनी मान हलवली.

"हव," त्या म्हणाल्या.

एवढंच. पुढं वरण नाही, भाजी नाही. भावना त्यांच्याकडं बघत राहिली. तिला माहीत होतं की आईला काही समजलेलं नाही. तरीही तो शब्द तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मला राहवलं नाही. एवढी शिकलीसवरलेली पोरगी, आयुष्याचा निर्णय घेतेय, आणि तो असा, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा? आईला कळायला नको, आपण कशाला हव म्हणालो ते? मी तरातरा जिना उतरले, ओट्यापासून हातभर लांब उभी राहिले, मास्क हनुवटीवर ओढला आणि सुरुवात केली.

"मावशी, भावना तुम्हाला रोज काय सांगते, ठाऊक आहे? आज ती..."

भीमाबाईंनी डोळे मिटून घेतले.

ऐकू न येणाऱ्या माणसानं डोळे मिटले की आपण दाराबाहेर. ओरडून उपयोग नाही, हात हलवून उपयोग नाही. मी तोंड उघडं टाकून तशीच उभी राहिले. एवढा अपमान माझा ऑफिसातसुद्धा कोणी केला नव्हता.

"नोका सांगू," त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "तिचं बोलणं तिच्या तोंडून आयकीन. तिले सांगाचं असन तवा."

आणि तशाच पुढं:

"तुमाले वाटते मले समजत नाही. हिंदी बोलते तवा ते पोट्टी हात नाचवते. अशी, मास्तरणीवाणी. आन् मराठी बोलते तवा हात ओढणीत घालून घेते. लहान होती तवापासून. ताप आला तवा मराठी बोलली, नापास झाली तवा बोलली. तिचा बाप गेला, तवा रातभर मराठीतच बोलली माह्याशी. बाकी साऱ्या जिंदगीत हिंदी." त्यांनी डोळे उघडले. "आता किती दिस झाले, रोज मराठी बोलून राहिली. मजेत असती तं बोलली असती का?"

मी ओट्याच्या कडेला बसले.

"मग तुम्ही वरण-भाजी काहून सांगत होता तिला?" मी विचारलं. त्यांचा 'काहून' माझ्या तोंडी कधी आला, माझं मलाच समजलं नाही.

"मले काही समजत नाही, म्हणून तं बोलून राहिली ना ते. समजते असं दिसलं का चूप बसन. आई घाबरन म्हणून. मंग कोणाले सांगन? त्या भिंतीले?"

"आणि आज नुसतं हव म्हणालात. ते कशाला?"

"काय म्हणे ते नाही दिसलं. पण काही मागून राहिली होती." भीमाबाई पदरानं ओट्यावरची निंबाची फुलं झाडत राहिल्या. "मागन ते द्याचं होतं मले. राहीन म्हणन तं राहा, जाईन म्हणन तं जा. म्हणून म्हटलं हव."

मी पुढं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडं जे होतं, ते त्यांच्या मानानं फारच थोडं होतं. वर येऊन मी दिवा न लावता बसून राहिले.

सकाळी स्कूटर बाहेर काढल्याचा आवाज आला म्हणून गॅलरीत आले. भावना ड्यूटीचे कपडे घालून, मास्क लावून अंगणात उभी होती. रात्री तिनं स्वतःशी काय ठरवलं, काय मोडलं, मला माहीत नाही. पुढं कधी मी विचारलंही नाही. कदाचित सोडायची मोकळीक मिळाली, म्हणूनच तिला जाता आलं असेल.

"आई, जा रही हूँ!" ती म्हणाली. उजवा हात हवेत दोनदा हलवला, डाव्या हातानं डबा दाखवला, दुपारी खाईन अशी खूण केली. दोन्ही हात नाचत होते. भीमाबाईही ओट्यावरून हात हलवत हसल्या. स्कूटर फाटकातून बाहेर पडली.

भीमाबाई हसऱ्या चेहऱ्यानं तशाच बसून होत्या. मग मान वर करून त्यांनी मला विचारलं, "वळली का गल्लीतून?"

स्कूटर तलावाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली होती. आवाजही विरला होता. मी मान डोलावली.

"मले वाटलं होतं घरीच राहीन म्हणन," त्या म्हणाल्या. "मले वाटलं होतं, तेच मागून राहिली," आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. पदराला काय जुमानणार ते रडणं! असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. भिंतींवर आपटत ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. समोरची खिडकी उघडली, शेजारची उघडली, झाकलेली तोंडं एकेक करून बाहेर आली. कोणीही त्यांना थांबवलं नाही. भीमाबाईंना वाटत होतं, आपण हळूच रडतोय.