एक भोक खाली

बस्त्याव सरांची आणि माझी पहिली गाठ मालाडला, मार्वेच्या किनाऱ्यावर पडली, ती त्यांचा ओरडा खाऊनच. मी मुलुंडची, कॉलेजातली. शर्यतीच्या छोट्या शिडाच्या बोटीची डोलकाठी ज्या तारांवर उभी राहते, त्या मी जीव खाऊन आवळत होते. "अगं, बोट आहे ती, बाज नाही," सर म्हणाले. गोराईहून फेरीबोटीने रोज येणारे हे सडसडीत गृहस्थच आमचे प्रशिक्षक, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

वारा किती आणि बोटीत बसणाऱ्यांचं वजन किती, यावर सर तारांचा ताण ठरवत. आम्ही पाण्यात लांब गेलेलो असलो, तरी किनाऱ्यावरून ते सांगत, डावी तार एक भोक ढिली आहे. तारेचं खालचं टोक बोटीच्या कडेच्या पट्टीत खिळीने अडकवतात. त्या पट्टीवरचं हे भोक. परत येऊन बघावं तर खरंच तसं असायचं. हे त्यांना दिसायचं कसं, देव जाणे. ते चुकतात का, हे मी मुद्दाम तपासत असे. कधी सापडले नाहीत.

चूक झाली ती राज्याच्या संघाच्या निवडीत, शेवटच्या शर्यतीला. वयोगटातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. ऐनवेळी वारा वाढला आणि सर किनाऱ्यावरून ओरडले, "एक भोक खाली!" माझी जोडीदार रेश्मा हिने तिच्या बाजूची खिळी खालच्या भोकात घातली; तार ताणली गेली. मला वाटलं, ताण खाली, म्हणजे कमी करायचा. मी माझी तार सैल केली. झालं, वाट लागली. डोलकाठी कलली. बोट एका अंगावर झकास पळे, दुसऱ्या अंगावर रडे. एका क्रमांकाने आमची जागा गेली.

मी रेश्माला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. सर मध्ये आले आणि निवड करणाऱ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. खाली म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही." मला तर त्यांचाच राग आला. चूक कबूल करून मोकळे झाले. जागा गेली ती माझी ना! पुन्हा बोटीला हात लावणार नाही, असं घरी सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात सर थेट मुलुंडला आमच्या घरी आले. समजूत वगैरे काही घातली नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "रविवारी मी स्वतः शर्यतीत उतरतोय. माझ्या तारा तू लाव."

रविवारी मी तारा लावायला बसले. तीनदा लावल्या, तीनदा सोडल्या. झालं का, एवढंच सरांनी विचारलं, बोटीत बसले आणि भर वाऱ्यात निघाले. तारांना हात लावला नाही. वर डोलकाठीकडे नजरही टाकली नाही. मी किनाऱ्यावर उभी राहून रडले, आणि दुसऱ्या दिवशी रेश्माची माफी मागितली.

तेव्हापासून मी बोट सोडलेली नाही. आज सरांची पंचाहत्तरी आहे. सर, प्रकृती सांभाळा, गुडघ्यांचे लाड करा आणि चांगली शंभरी गाठा. तुमच्या तारा मी लावते. तुम्ही खुशाल बसा.