बिनपेशंटची डॉक्टरीण

मेघना दहावीला शाळेत पहिली आली, त्या दिवशी तिच्या वडिलांनी, भानुदासनं, वालचंदनगरच्या कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले आणि वाटता वाटता सांगून टाकलं, "पोरीला डाक्टर करनार हाय." भानुदास फौंड्रीत कामाला होता आणि शब्दाचा पक्का म्हणून कॉलनीत त्याचं नाव होतं. पंचाईत एवढीच झाली, की शब्द त्यानं दिला होता आणि पाळायचा मात्र मेघनाला होता.

बारावीला तिचे मार्क थोडक्यात हुकले. मेडिकलला नंबर लागला नाही. चार दिवस ती उशीत तोंड घालून पडली, पाचव्या दिवशी उठली आणि बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून आली. भानुदासनं कॉलनीत सांगितलं, "बारामतीला शिकती." काय शिकती, हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. एस.टी.त ओळखीची माणसं तिला सरकून जागा द्यायला लागली. "बसा डाक्टरीनबाई, उभ्या उभ्या अब्यास कसा व्हायचा?"

सुरुवातीला ती सांगायची, "अहो, मी डॉक्टरकीला नाही." मग जंक्शनचा थांबा येईपर्यंत समजावत बसावं लागायचं, आणि ऐकणारा शेवटी म्हणायचा, "असू दे, असू दे. सुरवात अशीच असती." पुढं पुढं तिनं नाद सोडला आणि मिळालेल्या जागेवर बसायला शिकली.

बी.एस्सी. झाल्यावर तिनं बारामतीतच एका खताच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि शहाण्णव साली पेपरातली जाहिरात बघून पुण्यातल्या एका कंपनीत लागली. तिथलं काम नवंच होतं. औषध बाजारात यायच्या आधी राजीखुशीनं तयार झालेल्या पेशंटांना ते देऊन बघतात. काय दिलं, कधी दिलं, पुढं काय झालं, हे दवाखान्यातले डॉक्टर छापील कागदांवर भरतात. ते कागद मेघनाच्या कंपनीत येत. एकच पान दोन मुली वेगवेगळ्या बसून टाइप करत, कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघे, आणि जिथं मजकूर पटणार नाही तिथं दवाखान्याला फॅक्स जाई की खुलासा व्हावा. एकदा एक पुरुष पेशंट गरोदर असल्याचं एका नामवंत डॉक्टरांच्या सहीनिशी आलं. खुलासा कुठल्या शब्दांत मागायचा, यावर मेघनानं अर्धा दिवस घालवला. त्या फॅक्सचं साहेबांनी कौतुक केलं, आणि तिथून तिच्याकडं अवघड खुलासे यायला लागले.

पहिल्या सुट्टीला ती घरी आल्यावर भानुदासनं अंगणात खुर्ची मांडली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"हां, सांग आता. काय काम असतं?"

"पेशंटची माहिती तपासते, आण्णा."

"म्हंजी पेशंट तपासतीस!"

"पेशंट नाही. त्यांची माहिती."

"माहिती कुनाची? पेशंटचीच न्हवं? मग पेशंट सोडून माहिती तपासता येती व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मेघनाची आई तुळसा नुसती ऐकत होती. ती कधी काही बोलली नाही, पण लेकीला डॉक्टरही कधी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे तात्याबा आले. नोकरीतून निवृत्त झालेले वॉचमन. चक्कर येते म्हणाले. मेघनानं सांगितलं, "तात्याबा, मी डॉक्टर नाही, दवाखान्यात जा." ते हलेनात. तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, "गोळी कुठली घेता? कधीपासून? मधे बंद केली होती का?"

"बंद कशाला करू? बी.पी.ची हाय. डोकं जड झालं की घेतो. न्हाय तर ऱ्हाऊ देतो. धाकट्या भावाला बी देतो त्यातली, त्याचं बी डोकं दुखतंय."

"रक्तदाबाची गोळी? भावाला?"

"भाऊच हाय की माझा. परका न्हाय."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा," मेघना म्हणाली.

तात्याबा गेले, डॉक्टरांची चांगली बोलणी खाऊन आले, गोळ्या रोज घेऊ लागले आणि त्यांची चक्कर थांबली. दवाखान्यातले डॉक्टर त्यांना दोन वर्षं हेच कानीकपाळी ओरडून सांगत होते. पण तात्याबा कॉलनीभर सांगत सुटले, "त्यो डाक्टर काय, त्याला बोलायची सवयच हाय. मेघनानं नाडी बी धरली न्हाय, नुसतं इचारूनच रोग काढला." त्यानंतर मेघना सुट्टीला आली, की अंगणात चपला वाढायला लागल्या. ती एकाही माणसाला औषध देत नव्हती, आणि तिचा गुण फार चांगला आहे असं सगळे म्हणत होते.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा बुद्धघोष, खराखुरा डॉक्टर, स्टँडजवळ स्वतःचा दवाखाना. त्याला डॉक्टर बायको हवी होती, म्हणजे दवाखान्यात बायकांची वेगळी खोली काढता आली असती. पाहुणे बसले, चहा झाला, आणि मेघनानं कप खाली ठेवून सरळ सांगितलं, "एक गोष्ट आधी स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही."

मुलाच्या आईला भरून आलं. "बघा, एवढी शिकली, पन तोंडानं म्हनायची न्हाय. न्हाय तर आमचा हा! पाटीवर नाव केवढं लिवलंय." आणि तिनं आपला दुखरा खांदा मेघनाकडं वळवला.

शेवटी मेघनानं बुद्धघोषला अंगणात नेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. माणूस समजूतदार वाटला, एवढा की तिला क्षणभर बरं वाटलं.

"म्हणजे तुम्ही डॉक्टरांच्या चुका काढता?"

"चुका नाही काढत. खुलासा मागते."

"डॉक्टरांकडं?"

"हो."

"आणि त्यांनी नाही दिला तर?"

"परत मागते. मिळेपर्यंत."

आठ दिवसांनी इंदापूरहून निरोप आला, 'मुलगी फार शिकलेली आहे, आम्हाला पेलणार नाही.' मेघनाला वाईट वाटलं, कारण तो तिला आवडला होता. कॉलनीत मात्र तिनं डॉक्टर मुलगा नाकारला अशी बातमी पसरली, आणि भानुदासनं त्या बातमीचा खुलासा केला नाही.

पुढल्या वर्षी मेघनाला बढती मिळाली. एका अख्ख्या औषधाच्या चाचणीची माहिती तिच्या हाताखाली आली, हाताखाली सहा जण आले. त्याच वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला कॉलनीतल्या कमिटीनं तिचा सत्कार ठेवला. आदल्या दिवशी ती पोचली, तर कापडी फलकावर पेंटर बिरदेव 'डॉ. मेघना' एवढं रंगवून पुढच्या अक्षराला हात घालत होता.

"डॉ. खोडा," मेघना म्हणाली.

"कापडावरचं जात न्हाय, ताई. पांढरं बी संपलंय."

"मग नुसती एक रेघ मारा त्याच्यावरून." कंपनीचा नियमच तसा होता, चूक पुसायची नाही, एका रेघेनं खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बिरदेवनं पिवळ्या रंगाची झोकदार रेघ मारली. ती जरा खाली लागली. सकाळी फलक चढला तेव्हा 'डॉ.' अधोरेखित झालेलं होतं.

माइक हातात आल्यावर तिनं जिवाच्या आकांतानं, सोप्यात सोप्या भाषेत आपलं काम सांगितलं. मी डॉक्टर नाही, हे तीनदा सांगितलं. टाळ्या तीनदा पडल्या. अध्यक्ष समारोपाला उठले आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या ठिकानी असा साधेपना आज दुर्मीळ झालाय."

त्या रात्री जेवताना तिचा तोल सुटला. "आण्णा, तुमी एकदा पुण्याला या. डोळ्यानं बघा."

भानुदास गेला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेला. मेघनानं त्याला ऑफिस दाखवलं. लांबलचक गार खोली, रांगेत कॉम्प्युटर, कपाटं, मान खाली घालून टाइप करणारी पोरं. फिनेलचा वास नाही, खाट नाही, कुणी कण्हत नाही. एक पोरगं उठून आलं आणि तिला म्हणालं, "मॅडम, हे पटत नाहीये." तिनं पानावर नजर टाकली, दोन शब्द सांगितले, ते परत गेलं. भानुदास कोपऱ्यातल्या खुर्चीवर सदरा सांभाळत तासभर बसून होता. चहा आला तोही गार करून प्याला.

परतीच्या एस.टी.त ती बरोबर होती. बारामती मागं पडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. घरी पोचल्यावर ती आतल्या खोलीत पडली, आणि पडद्यापलीकडं त्याचा आवाज आला, कधी नव्हे एवढा हळू.

"तुळसा, पोरगी डाक्टर न्हाय गं."

"म्हाईत हाय मला."

"कधीपासनं?"

"बारावीच्या निकालापासनं. चार दिवस रडली की ती. तुमी गेटवर हुता."

मग भानुदास म्हणाला, "पन समदी पोरं तिलाच इचारत्यात. साहेबासारखी बसती." आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मेघना अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. इतक्या वर्षांनी एक तरी नोंद दुरुस्त झाली, असं तिला वाटलं.

सकाळी तात्याबा अंगणात येऊन बसलेच होते. "काय भानुदास, बघितला का पोरीचा दवाखाना?"

मेघना ब्रश तोंडात तसाच ठेवून दारात थांबली. भानुदासनं तिच्याकडं एकदा बघितलं, मग तात्याबाकडं बघितलं, आणि छाती भरून श्वास घेतला.

"लई मोठा हाय," तो म्हणाला. "एवढा मोठा, की पेशंटला आत घेतच न्हाईत."