सरावाचा भोंगा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही माझे कोण? — म्हणूनच बहुतेक जमतंय.

वणीच्या पलीकडे आमच्या कोळसा खाणीची कॉलनी होती. आता तिथं नुसत्या बाभळी. क्वार्टर पाडले, दवाखाना पाडला, खाणीत पाणी भरलं. पण तेव्हा खाणीच्या भोंग्यावर आमच्या चुली पेटायच्या. कामाची पाळी बदलायचा भोंगा आखूड. लांबलचक वाजला, की खाली काहीतरी झालं! मग बायका हातातलं टाकून लॅम्परूमकडे पळायच्या. खाली जाणारा माणूस तिथून दिवा नेई, वर आला की खुंटीला लावी. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस खालीच. माझे बाबा त्या लॅम्परूममध्ये कामाला होते.

आणि रेहाना माझी मैत्रीण. मैत्रीण — म्हणायचं तसंच. तिचे अब्बा खाली कोळसा काढायचे. ती धावायची. मी जीव तोडून पळाले तरी मला पुढं तिची वेणीच दिसायची. माझी आईसुद्धा म्हणे, "रेहानाले पाहा जरा." जळायची मी. खूप जळायची. तिचा पाय मुरगळू दे, असं देवापुढं बसून मागितलंय मी — आता काय लपवायचं?

अमरावतीला खेळाडू मुलींच्या वसतिगृहाची निवड होती. जाणार आम्ही दोघी, घेणार एकीलाच. कोणाला, हे सांगायला हवं का? त्या सकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, "आज लांब भोंगा वाजन. सायबानं कोणाले सांगू नका म्हटलं, पण तुमी भेऊ नका. सराव आहे." मी आणि रेहाना निवडीला नेणाऱ्या जीपमध्ये बसलो, आणि तो वाजला.

रेहानाचा चेहरा पांढराफटक. "माहे अब्बा खाली हायेत व. तुहे बाबा काई बोलले का?"

'सराव' एवढा एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "नाई."

तिनं उडी टाकली आणि सुटली. आम्हाला नेणारे खेळाचे सर म्हणाले, थांबू थोडं — ते बाहेरगावचे, त्यांना खाणीचं काय कळणार? — तर मीच म्हणाले, "सर, उशीर होऊन राहिला." जीप निघाली. मागं वळून पाहिलं का मी? पाहिलं. इतक्या जोरात ती कधीच धावली नव्हती, आणि मला त्याचाही राग आला.

निवड माझी झाली. त्यावर खेळाच्या शिक्षिकेची नोकरी, अमरावतीत घर, शिट्टी वाजवून पोरींना पळवणं, सगळं. रेहानाचं शिक्षण सुटलं, लग्न होऊन ती अकोल्याला गेली.

गेल्या महिन्यात अकोल्यात कॉलनीतले जुने लोक जमलो. कॉलनीचा इतिहास लिहायचा म्हणून एक जण सगळ्यांचं बोलणं मोबाईलमध्ये घेत होता. कोणीतरी रेहानाची ती धाव सांगितली — रिकामी खुंटी पाहून ती खाणीच्या तोंडाशी कशी बसून राहिली, अब्बा वर आल्यावर त्यांच्या काळ्या अंगाला कशी बिलगली. टाळ्या पडल्या. आणि काय सांगू — या वयात, गुडघे दुखत असताना, मी पुन्हा जळाले! माझ्या धावण्याला तिथं कोणी टाळी वाजवली नव्हती.

मग मोबाईल माझ्यापुढं आला. "ताई, तुमी तं जीपमधी होत्या. तुमाले मालूम नव्हतं का, सराव आहे म्हणून?"

रेहाना शेजारीच बसली होती.

"नाई जी," मी म्हणाले. "मीबी घाबरलीच होती."

"बिचारी!" असं म्हणत रेहानानं माझा हात आपल्या हातात घेतला. मी तो घेऊ दिला.