मेटल ऐकणारे फौजी

मी घरी मेटल ऐकतो. घसा फाडून ओरडणारा गायक, एकाच सुरावर अर्धा तास गुरगुरणारी गिटार. सांगलीतल्या आमच्या गल्लीत त्यावरून मला शिव्या न देणारे एकटे शेजारचे निवृत्त फौजी. त्यांची बायको कॅन्सरनं दिवसभर कण्हायची. संध्याकाळी ते माझ्या स्पीकरला पाठ टेकून बसायचे. "लय बरं वाटतं. दुसरं कायच ऐकू येत न्हाई."

परवा ती गेली. घाटावरून ते ओल्या कपड्यांनीच माझ्याकडे आले. मी घाईनं गाणं बंद केलं.

"चालू कर रं," ते म्हणाले. "ती अजून कण्हतीया."

बाहेर त्यांचा भाऊ दार वाजवत होता. मी आवाज वाढवत गेलो, दर वेळी "आता?" असं विचारत. फौजी डोळे मिटून नुसती नकाराची मान हलवत राहिले.