फोनोला मेणाचा हात देणारे वसंतभाऊजी

वसंतभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभी होते. गिरणीवाल्याला पट्टा थांबवायला लावला, पुन्हा नीट ऐकलं आणि डबा तिथेच ठेवून घरी आले. सकाळी झोपेतच गेले म्हणे... सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "न सांगता गेला? येवडी कसली घाई होती त्याला?" आणि पदर डोळ्यांना लावला. याला आता काही आठवडे झाले. तरी दारात स्कूटर थांबली की आम्ही दोघी अजून मान वळवून बघतो.

वसंतभाऊजी आमचे नात्याने कुणी नव्हते. सासूबाईंच्या माहेरचे, पोशीरचे, म्हणून त्यांना आत्या म्हणायचे आणि मला वैनी. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल भरायची खोकी ठोकली. "उघडताना जी फोडूनच टाकतात, असली खोकी बनवली मी वैनी," असं स्वतःच सांगून हसायचे. निवृत्त झाल्यावर मात्र खालापुरातल्या आपल्या पडवीत जुन्या फोनोंच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, पेट्या घेऊन बसले. आतलं यंत्र ते दुसऱ्याकडून करून घेत. त्यांचा सगळा जीव लाकडात. डोंगरातल्या वाडीवरची मध काढणारी माणसं त्यांना पोळ्याचं मेण आणून द्यायची. ते गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवायचं, त्यात टर्पेंटाइन मिसळायचं आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने चोळायचं, एवढंच काम. पण तेवढ्यासाठी माणूस तासन् तास खाली मान घालून बसायचा. मला चकचकीत वस्तूंची भारी आवड. "एक हात व्हार्निश मारा की, कसा आरसा होईल," मी म्हणायचे. ते कपाळाला हात लावायचे. "वैनी, लाकूड दिसाया पायजे. तुमचं तोंड कशाला दिसाया पायजे त्यात?"

आमच्या घरचा फोनो त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो दिवस मी विसरणार नाही. माझ्या सासऱ्यांचा फोनो तो. आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, पहार, शिलाई मशीन यांच्या रांगेत तोही पाटावर बसायचा, आणि पूजेच्या आधी सगळ्यांबरोबर त्यालाही खोबरेल चोळलं जायचं. लोखंडाला तेल, तसं लाकडाला तेल, असा साधा हिशेब. वर्षानुवर्षांचं तेल, त्यावर धूळ, त्यावर बुक्का. पेटी काळी ठिक्कर पडली होती आणि हात लावला की बोटं चिकटायची. भाऊजींनी नखाने एक कोपरा खरवडला, वास घेतला आणि जे हसत सुटले! "आत्या, याचं डोकं चोळलंत, पन आंगोळ कदीच नाय घातली!" सासूबाईही हसल्या. मग त्यांनी झाकण उघडून आतली बाजू दाखवली. तिथे तांबूस काळा एक डाग होता. सासऱ्यांनी आपल्या शेवटच्या खंडेनवमीला लावलेलं कुंकवाचं बोट. त्यानंतर सासूबाईंनी झाकणाच्या आत कुणाला हात लावू दिला नव्हता. "बाकी कायपन कर," त्या म्हणाल्या, "ह्ये तेवढं ऱ्हाऊ दे." भाऊजींनी शब्द दिला आणि पेटी आपल्या पडवीत नेली.

महिनाभर मी अधूनमधून पडवीत जाऊन बसायचे. काळ्या थराखालून तपकिरी सागवान वर यायला लागलं तेव्हा पोर चालायला लागल्यासारखा आम्हाला आनंद झाला. आतल्या बाजूला भाऊजी काडीला कापूस गुंडाळून त्या बोटाभोवती फिरायचे, श्वास रोखून. एका दुपारी ते मेण आणायला वाडीवर गेले. मी एकटी. हात शिवशिवत होते. टर्पेंटाइनचं फडकं समोर होतं. झाकणाची कड तेवढी पुसावी म्हटलं... आणि कड पुसता पुसता हात सरळ त्या डागावरून गेला. फडक्यावर लाल रंग आला तेव्हा कळलं मी काय केलं ते.

भाऊजी परत आले तेव्हा मी रडत होते. त्यांनी झाकण पाहिलं, फडकं पाहिलं. मग म्हणाले, "तुमी काय बोलू नका. मी बघतो."

फोनो घरी आला. मधासारखा मंद उजळलेला, हात फिरवत राहावा असा. सासूबाईंनी आधी झाकणच उघडलं. "माज्याकडनं पुसलं गेलं, आत्या," भाऊजी म्हणाले. सासूबाई खाली बसल्या. मी तोंड उघडणार तोच भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. मग सासूबाईंचा पट्टा सुरू झाला. "डोळ्यांच्या जागी बटनं हायत का रं तुज्या?" पुढची तीन वर्षं ते येत राहिले, प्रत्येक वेळी बोलणी खात राहिले, वर चहा मागत राहिले. मी चहा टाकायला आत पळायचे. मला मान वर करून बघवायचं नाही.

यंदा खंडेनवमीला फोनो पाटावर ठेवला. मेण लावायचं काम आता माझंच होतं. फडकं हातात घेतलं आणि माझ्याने राहवलं नाही. "आई," मी म्हणाले, "ते बोट भाऊजींनी नाही पुसलं. मी पुसलं." सगळं सांगून टाकलं.

सासूबाई झेंडूचा हार करत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला. "ठाव हाय मला. त्याचा हात चुकनारा व्हता का? आनि तुजं तोंड बगितलं नव्हतं का मी त्या दिवशी? दुसऱ्या खेपेलाच इचारलं मी त्याला. म्हनला, आत्या, वैनीला नका बोलू, मलाच बोला. मग बोलले मी. लय बोलले. हसायचा मेला, आनि मलापन हसू यायचं."

तीन वर्षं मी आत चहाच्या भांड्याशी जीव जाळत उभी आणि बाहेर या दोघांची गंमत चाललेली! मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

"आता मी कोनाला बोलू गं?" त्या म्हणाल्या.

"मला बोला."

त्यांनी हार बाजूला ठेवला. पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं, थांबल्या आणि बोट माझ्यासमोर धरलं. "ह्या कोपऱ्यात मेन तसंच ऱ्हायलंय. वसंतानं असं ठेवलं असतं का?"

"नाही," मी म्हणाले आणि फडकं पुन्हा हातात घेतलं.