फाटलेलं फिनेल

रसायनशास्त्रात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष आटोपून मी गोंदियाहून गावी आले, तेव्हा बाबांनी माझ्याशी अबोला धरला होता. त्यांना माझं लग्न उरकायचं होतं, मला दुसरं वर्ष करायचं होतं. "सांग तुया पोट्टीले, जेवाले ये म्हना," असं ते मी समोर बसलेली असताना आईला सांगत. मीही त्यांचीच लेक. उत्तर आईलाच देई. बिचारी माझी आई!

त्याच पावसाळ्यात आईच्या बचत गटानं फिनेल करायला घेतलं. साबण मिसळलेलं काळं तेलकट रसायन पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं व्हायचं, निदान प्रशिक्षणात तरी झालं होतं. आमच्या अंगणात बोअरच्या पाण्यात ते फाटलं. खाली गढूळ पाणी, वर काळा तवंग. गटातल्या बायकांचे चेहरे पडले. आईनं सरळ ताकाची रवी आणली आणि घुसळायला बसली.

"माय, रवी कायले नासवून रायली?" मी ओरडलेच. "बोअरचं पानी जड हाय. त्यातल्या चुन्यानं साबन फाटते. बोडीचं पानी पाह्यजे, पावसाचं."

"ते तं गढूर हाय. तुरटी फिरवू?"

"नोको! तुरटीनंबी फाटते."

ओसरीवर बसलेले बाबा उठले. त्यांनी सायकलला दोन डबे बांधले आणि बोडीवर, गावच्या छोट्या तळ्यावर, गेले. आणलेलं पाणी आम्ही निवळू दिलं, त्यांच्याच जुन्या धोतरातून गाळलं. मग मी धीर करून रसायनाची धार सोडली. पाणी पांढरंशुभ्र झालं आणि बायकांनी एकच गलका केला.

बाबा बादलीवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हे काऊन झालं?"

सवयीनं मी आईकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पायते? तुले इचारून रायले ते."

मग मी थेट त्यांना सांगितलं. यातल्या साबणाच्या कणाला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तो दोघांच्या मधे उभा राहतो, म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एकत्र नांदतात. चुना आला की तो कण त्याच्याच नादी लागतो आणि तेल वर येतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती फिनेलनं माखलेली रवी घेऊन आम्हा दोघांच्या मधे उभी होती. बाबांना हसू आलं. कित्येक दिवसांनी ते हसताना दिसले आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं.

"दुसऱ्या सालात आनखी काय शिकवतेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगत बसले. त्यांना किती कळलं देव जाणे, पण ते मधे एकदाही उठले नाहीत. माझं संपल्यावर डबे पुन्हा सायकलला बांधत म्हणाले, "मंग जाय. पानी मी आनून देईन तुया मायले."