ताईचा बाप्तिस्मा

ताईच्या बाप्तिस्म्याला आई आली नाही. मी एकटीच चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले होते. ओल्या केसांनी ताई उभी राहिली, तेव्हा पाळकांनी जमलेल्यांना विचारलं, "हिला तुम्ही आपली म्हणून स्वीकारता का?"

"हो," सगळे म्हणाले. माझ्याही तोंडून निघून गेलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. जन्मापासून जी आमचीच, तिला मी पुन्हा स्वीकारलं, की देऊन टाकलं?

बाहेर येताच ताईने विचारलं, "आई काय करत होती गं?"

"तुझ्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती."

"चल, आधी घरी जाऊ," म्हणत ती केस न पुसताच निघाली. आई दार उघडेल की नाही, मला सांगता येईना.